एका पट्ट्यावरचा पंप

पुण्यातल्या एका कंपनीचं काम मी डोणगावच्या घरून करत होतो. पाठीवरच्या फवारणी पंपाची सोळा लिटरची प्लास्टिकची टाकी, भरलेली असताना खाली पडली तर फुटते का, हे संगणकावर तपासायचं होतं. पंप बनवणारा ग्राहक अहवाल आल्यावरच साचा करायला टाकणार होता.

अशा कामात पडण्याचा सगळा प्रवास दाखवत नाहीत. संगणकाचा वेळ वाया जातो. टाकी जमिनीला टेकायच्या बेतात ठेवायची आणि त्या उंचीवरून येताना जेवढा वेग आला असता, तेवढा तिला सुरुवातीलाच द्यायचा. ऐंशी सेंटिमीटरसाठी सेकंदाला जवळपास चार मीटर. जमीन अजिबात न दबणारी धरली. आतल्या द्रावणाचं वजन टाकीच्या भिंतींवर वाटून दिलं. ग्राहकाने एकच स्थिती लिहून दिली होती: टाकी तळावर सपाट पडते. तशी पाडली. फुटली नाही.

थोरला भाऊ शेतातून जेवायला आला होता. पडद्यावर तेच पडणं पुन्हा पुन्हा चालू होतं. तो हात पुसत मागे उभा राहिला.

"हा पंप काय पाटावर जेवाले बसून राह्यला का बे?"

"म्हंजे?"

"असा सरळ कधी पडते? कोपऱ्यावर पडते तो. एक डाव तसा पाडून त पाह्य."

आमच्याकडे भरलेला पंप एकाच खांद्यावर घेतात. दुसरा पट्टा मोकळा सोडतात. औषध गळून पाठीवर आलं तर पंप एका झटक्यात फेकता यावा, म्हणून. असा पंप धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उतरवताना निसटतो आणि खालच्या कोपऱ्यावर आदळतो. मीही कित्येकदा तसाच घेतला होता. काम करताना आठवलं नव्हतं.

टाकी तिरकी केली. बाकी काही बदललं नाही. कोपऱ्यापासून पट्टा अडकवायच्या खाचेपर्यंत लाल रेघ उमटली. तिथे प्लास्टिक फाटत होतं, पाठीला लागणाऱ्या बाजूने.

अहवालाला ते एक पान जोडून पाठवलं. अर्ध्या तासात टीमच्या प्रमुख मॅडमचा फोन आला.

"हे मागितलं होतं का?"

"नाही. पण इकडे पंप असाच पडतो."

"दोन्ही पट्टे लावा, असं माहितीपत्रकात छापलेलं असतं. चुकीच्या वापराची चाचणी आपण करत नाही. साचा थांबला तर उत्तर तुम्ही देणार?"

मी ते पान काढलं. अहवाल मंजूर झाला.

पुढच्या हंगामात ग्राहकाने एक पंप भेट म्हणून घरी पाठवला. भावाने तो त्याच दिवशी सोयाबीनवर नेला. मी मागून शेतात पोचलो तेव्हा पंप त्याच्या उजव्या खांद्यावर होता, दुसरा पट्टा लोंबत होता.

"भाऊ, दोन्ही पट्टे घाल."

"काऊन?"

मी सांगितलं. लाल रेघ, फोन, काढलेलं पान.

त्याने पंप दोन्ही हातांनी हळू धुऱ्यावर ठेवला. खालचा कोपरा बोटाने चाचपला.

"दुकानात आले हे?"

"आले."

त्याने लोंबणारा पट्टा बाजूला सारला.

"मंग त एकच पट्टा बरा," तो म्हणाला. "फुटला त फेकता तरी येईन."

पंप पुन्हा एका खांद्यावर घेऊन तो सोयाबीनच्या ओळींमधल्या तासात शिरला.