प्रत्येक ओळीतलं पहिलं घर

"पाणी पुरेसं आहे ना? मग करा सही. सोमवारपासून टँकर बंद," साहेब म्हणाले. मी पेन उघडलंच होतं.

भूकंपानंतर औसा तालुक्यात उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या शेडच्या वसाहतीचा तो सर्व्हे. सॅम्पल मी ठरवलेलं. सगळ्या घरांत जायला वेळ नव्हता. म्हणून एक ते दहातला एक आकडा चिठ्ठी टाकून काढायचा आणि तिथून पुढे दर दहावं घर घ्यायचं. याला सिस्टिमॅटिक सॅम्पलिंग म्हणतात. चिठ्ठीत एक आला. मग पहिलं घर, अकरावं, एकविसावं. सगळीकडे एकच उत्तर: पाण्याची अडचण नाही.

तेवढ्यात रझियाबाजी आल्या; बाजी म्हणजे ताई. नांदेडच्या, आमच्यासाठी घरोघर माहिती गोळा करायच्या.

"सर, सही थांबवा. काल ऊन लागलं म्हणून मधल्या एका शेडमध्ये टेकले. बाईनं हातावर गूळ ठेवला, पाणी न्हाई दिलं. मागितलं तर म्हणाली, 'बाजी, पाणी सोडून काय बी मागा.'"

आमच्याकडे दारात आलेल्याला आधी गूळ-पाणी देतात. नुसता गूळ देताना त्या बाईला काय वाटलं असेल, हे मला कळायला हवं होतं. मी म्हणालो, "ते घर सॅम्पलमध्ये नाही."

"घर नसंल सर. तहान तर हाय ना?"

साहेब हसले. मला हसता आलं नाही. वसाहतीचा नकाशा उघडला. शेड दहा-दहाच्या ओळींत होत्या. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एकच नळ, आणि घरांचे नंबर नळाकडून टाकलेले. म्हणजे माझ्या सॅम्पलमधलं प्रत्येक घर नळाला लागून! मागच्यांचा नंबर येईपर्यंत नळाचं पाणी जात होतं, त्यांची भिस्त टँकरवरच होती, आणि त्यांना आम्ही विचारलंच नव्हतं.

"साहेब, आता प्रत्येक ओळीतून वेगळी चिठ्ठी टाकून घरं काढतो. दोन दिवस द्या."

"आणि उत्तर तेच आलं तर?"

"तर टँकर बंद करा. मी तोंड उघडणार नाही."

तेच आलं नाही. टँकर चालू राहिला. उन्हाळ्याआधी ओळींच्या दुसऱ्या टोकालाही नळ बसले.

रिपोर्टमध्ये मात्र ही चूक मी शोधली असं छापलं गेलं, आणि मी गप्प बसलो. निवृत्तीनंतर लातूरच्या क्लासमध्ये शिकवू लागलो, तिथेही हा किस्सा माझाच म्हणून सांगत आलो. गेल्या आठवड्यात बाजींना वर्गात बोलावलं आणि त्यांच्याच तोंडून तो ऐकवला. पोरांनी तासभर प्रश्न विचारले. मला एकही नाही.

सॅम्पल काढण्याआधी घरं कशी मांडलीत ते पाहावं. आणि चूक कुणी पकडली, ते त्याच दिवशी लिहून टाकावं.