नाक्यावर एकटा

इस्फारा शहराच्या बाजारामागे, कालव्याकाठच्या तुतीखाली मजुरांचा नाका भरतो. समोरच माझा चायखाना आहे. महकम उस्तोला, म्हणजे उस्ताद गवंड्याला, मी तिथे कित्येक वर्षं पाहतोय. गिलाव्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्याचा भाव वाढला तो हाताच्या सफाईमुळे नाही. बाकीचे गवंडी रशियाला निघून गेले म्हणून वाढला.

तोही एकदा गेला होता. बायकोनं अंथरूण धरलं तेव्हा परतला, आणि ती वारल्यावर त्याची जायची इच्छाच उरली नाही. दोन्ही मुलं मात्र तिकडेच कायमची राहिली.

तिकडून पैसा यायचा, इथे घरं उठायची आणि भिंतीला हात लावायला माणूस नाही. सकाळी मोटार थेट त्याच्यापुढे थांबायची. "उस्तो, शंभर कसले, दोनशे सोमोनी घ्या, पण आजच चला." तो जायचा. घराचा मालक परदेशात, बायकोमुलं सासऱ्याकडे. रिकाम्या खोल्यांत दिवसभर त्याच्या थापीचाच काय तो आवाज. दुपारी पोत्यावर बसून एकटाच रोटी मोडायचा. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणायचा, "बोल काहीतरी. आज तोंडातून शब्द निघालेला नाही."

मग एका हिवाळ्यात रशियातली कामं बंद पडली. माणसं बस भरभरून परतली आणि नाका गजबजला. महकम इतका खुशीत मी पूर्वी पाहिला नव्हता. सगळ्यांना चहा तोच पाजायचा. त्याचा बालमित्र तोलिब त्याला चिडवायचा, "काय नवाब, आमच्या माघारी नाका नावावर करून घेतलास म्हणे?"

"घेतला होता. भाडेकरूच मिळेना."

पण तिकडचा पैसा आटला तशी इथली बांधकामंही थांबली. दिवसाकाठी दोन-तीन मोटारी यायच्या आणि त्यांच्यामागे सगळा नाका धावायचा. "शंभर द्या, अको." "मी ऐंशीत येतो." "साठ, आणि जेवण माझं मी आणीन."

महकमने सगळ्यांना चायखान्यात बसवलं. "शंभराखाली कोणी मोटारीत चढायचं नाही," तो म्हणाला. रोटीवर हात ठेवून सगळ्यांनी शपथ घेतली. काही दिवस ती पाळलीही. मोटारी यायच्या, भाव ऐकायच्या, निघून जायच्या. मग एका सकाळी तोलिब मान खाली घालून एका मोटारीत चढला. पन्नासावर. दुसऱ्या दिवशी शपथ कोणालाच आठवत नव्हती.

तोलिबने नाक्यावर येणं सोडलं. गिऱ्हाईक त्याला परस्पर घरून न्यायचं. शेवटी महकम मला घेऊन त्याच्या दारात गेला.

"मी भांडायला आलो नाही. नाक्यावर येत जा, एवढंच."

तोलिबने आत बसा म्हटलं नाही. "पोरीचं लग्न तोंडावर आहे, महकम. शपथ शिजवून घालू का पाहुण्यांना?" मग म्हणाला, "आणि आम्ही नव्हतो तेव्हा तू दोनशे घेत होतास. तेव्हा कोणाला विचारलंस, हा भाव रास्त आहे का म्हणून?"

महकम आल्या वाटेने वळला. वाटेत तो मला म्हणाला, "खरंच नाही विचारलं रे. देत होते, घेत होतो."

पुढच्या वसंतात तिकडची कामं सुरू झाली. जर्दाळू फुलले आणि नाका ओस पडला. पोरीचं लग्न उरकून तोलिबही गेला. निघताना बस माझ्या दारावरून गेली. त्याने काचेआडून हात केला की नाही, ते महकमला कळलं नाही. मला त्याने दोनदा विचारलं. मी "केला" म्हणालो.

परवा एक म्हातारी मुलाच्या नव्या घरासाठी त्याला न्यायला आली. "अडीचशे देईन, उस्तो."

"दीडशे पुरेत, आजी. पण दुपारी जेवायला कोणीतरी सोबत बसवा."

म्हातारी म्हणाली, "घरात माणूस असतं तर मी कशाला आले असते नाक्यावर? मीच बसेन. पण मला ऐकू येत नाही हो नीट."

"चालेल," महकम म्हणाला, आणि बादली उचलून तिच्यामागे चालू लागला.