मामाची मजुरी

काशाप्पानं अक्काच्या अंगणात पाय टाकला आणि तिथंच उभा राहिला. माग कुटं गेला?

छपराखाली, जिथं दरसाली तो खड्ड्यात पाय सोडून घोंगडी विणायला बसायचा, तिथं खड्डाच नव्हता! मुरूम टाकून, चोपून, वरून शेणानं सारवलेलं. मागाची लाकडं भिंतीला उभी करून ठेवलेली, आणि सारवणावर रांगोळी काढलेली. घरात कुणी गेलं की काय? पण गेलेल्या माणसाच्या घरात रांगोळी कोण काढतं?

काशाप्पा करजगीचा धनगर. निजामाचं राज्य होतं, तिकडं लांब कुटंतरी मोठी लढाई पेटलेली होती आणि तिच्यामुळं इकडं घोंगड्याला सोन्याचा भाव आलता. आणि घोंगडं विणावं तर काशाप्पानं! चिंचोके शिजवून खळ करायचा, ताण्याच्या उभ्या धाग्यांना अशी चोळायचा की त्या घोंगड्यात घागरभर पाणी ओता, खाली ठिपकायचं न्हाई. बाजारात लोकं नुसतं बोटानं चाचपून सांगायचे, हे करजगीवाल्याचं. असा हात! आणि हा हात दिवाळी सरली, मेंढरं कातरून झाली की करजगीहून खजुरीला चालत यायचा, अक्काच्या घरच्या सगळ्या लोकरीची घोंगडी विणून द्यायचा आणि तसाच परत जायचा. घ्यायचा काय? काही न्हाई. एक चिंधी न्हाई. वाटंत खायला अक्का भाकरी बांधून द्यायची, तेवढंच.

कामून फुकट? असं कुणी विचारलं तर त्याला हसूच यायचं. तो रांगत होता तवा आई गेली. अक्का म्हणजे बाणूबाई, तीच केवढी होती तवा! तिनं ह्याला कडेवर वागवला. तिचं लगीन होऊन खजुरीला आली तवा नवरीबरोबर हे शेंबडं पोरगंबी आलं. सासू रोज ताटात भाकरी टाकताना टोमणा टाकायची, "नवरी एक आणली, खाणारी तोंडं दोन आली." अक्का स्वतःची अर्धी भाकरी ह्याला द्यायची आणि म्हणायची मला भूक न्हाई. असल्या अक्काकडनं मजुरी घ्यायची? जीभ झडंल की माणसाची!

असा हा काशाप्पा. स्वतःचा संसार नव्हता. लहानपणी लगीन लागलं होतं, पण बायको नांदायला यायच्या आधीच पटकीत गेली. मग कुणी पोरगी दिलीच न्हाई. एकबी सोयरीक आली न्हाई. त्यानं मनाशी धरलं, आपला पायच पांढरा, कोण देणार? आणि गप मागावर बसला.

तर आता तो बुजवलेल्या खड्ड्याकडं बघत उभा, आणि दाजी बाहेर आले. रेवणसिद्धप्पा, अक्काचा नवरा. दरसाली ह्यांचं एकच असायचं, लांबूनच आरडायचे, "काय रं मेव्हण्या, चालत आलास का मेंढरावर बसून?" आज दाजींनी डोक्यावरचा पटका नीट केला आणि म्हणाले, "या. या काशाप्पा. बसा."

बसा?

काशाप्पानं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

घोंगडं अंथरलं होतं, नवं. त्याच्यावर बसवलं. पाय धुवायला तांब्या घेऊन अक्का नव्हं, शेजारची ईरम्मा आली. अक्का दाराच्या आड. पदर कपाळाच्या खालपत्तूर ओढलेला. भावासमोर पदर! ज्या भावाचं नाक पुसलं त्याच्यासमोर!

"अक्का," काशाप्पा घाबरून म्हणाला, "खरं सांग. कोण गेलं?"

ईरम्मा पोट धरून हसायला लागली. "गेलं कुणी न्हाई, येणार हाय. चांगल्या दिवसाचं काय बोलता हो!"

"मग माग कामून बुजवला? लोकर पडलीय की सगळी. मी बसू कुटं?"

"अगं माय! जावयानं सासरवाडीला येऊन मागावर बसायचं असतंय व्हय? लोकं शेण घालतील तोंडात."

"जावई?" काशाप्पा ताडकन उठला. तोंडभर हसला बिचारा! भाचीचं लगीन! "सुभद्रीचं जमलं? आन् मला सांगितलं न्हाई? दाजी, ही कुटली रीत! मामाला विचारल्याबिगर? कोण हाय पोरगा? कुटला? मी बघणार आधी, मेंढरं वळता येतात का नुसताच पटका बांधून हिंडतो ते!"

अंगणात आता चार माणसं जमली होती. सगळी खो खो हसली. दाजीबी हसले. ईरम्मा म्हणाली, "वाकून तांब्यातल्या पाण्यात बघा की. दिसंल पोरगा."

काशाप्पानं खरंच बघितलं हो. बघितलं तांब्यात.

आणि तेवढ्यात शिवय्या आले. गावचे अय्या, लग्नाची तिथी काढणारे. हातात पानसुपारीचं ताट. ताट मध्ये ठेवून बसले आणि म्हणाले, "मोठ्या भैनीची लेक धाकट्या मामाला. जुनी रीत, चांगली रीत. काशाप्पा, एवढी वर्षं राबलास त्याचं फळ देव देतोय तुला. उचल सुपारी."

त्याचे कान बंद झाले. तोंडं हालताना दिसायली होती, ऐकू काहीच येईना. समोर सुपारी, हळदीकुंकू, दाजींचं हसणं. आणि डोळ्यासमोर सुभद्री. ती जन्मली तवा कोकराच्या पहिल्या लोकरीचं इवलंसं घोंगडं त्यानंच विणलं होतं, टोचू नये म्हणून एक एक काडी वेचून काढली होती. ती मागाच्या कडेला बसून ताण्यात बोटं घालायची आणि हा तिच्या बोटावर टिचकी मारायचा. ती पोरगी! ते लेकरू!

तो कुणाला न विचारता घरात घुसला. जावयानं असं घुसायचं नसतं, पण त्याला कुटं कळत होतं. सुभद्री कणगीला टेकून बसली होती, अंगावर हिरवं लुगडं, कातर दिसल्यावर मेंढी जशी गप होती तशी गप.

"सुभे."

ती भिंतीकडं वळली.

"तुला पसंत हाय का हे? खरं बोल. मी तुझा मामा हाय."

"मला कुणी विचारलं व्हय मामा," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "आय म्हणती, तुझं लय देणं हाय आपल्यावर. फेडायला दुसरं काय हाय घरात? मग मी म्हणलं, बरं."

बरं!

अक्का मागंच उभी होती. तो तिच्याकडं वळला, "तुला मी मागितली व्हती का कवा पोरगी? एकदा तरी तोंडातनं काढलं?"

"काढायला कशाला पायजे?" अक्काचा पदर आता मागं गेला. "मी काय आंधळी हाय? दरसाली यायलास, राबायलास, काही घेईनास. जगात फुकट कोण राबतंय रं? सगळे म्हणायचे, भाऊ पोरीसाठी राबायलाय. मीबी तेच म्हणले."

"कुणाला म्हणलीस?"

"सगळ्यास्नी. तुमच्या करजगीच्या बसवंतप्पानं स्वतःच्या लेकीसाठी विचारलं व्हतं. मन्नाएखेळ्ळीवरनंबी एक स्थळ आलतं. मी निरोप धाडला, काश्याचं ठरलंय, आमच्या सुभीसंगं. कुणी मध्ये पडू नका."

काशाप्पाला आता सगळं उलगडलं.

म्हणजे पाय पांढरा नव्हता. लोकं देत होती. बसवंतप्पाची ती पोरगी, विहिरीवर घागर उचलताना हसायची ती, तिचा बाप विचारायला आला होता! आणि अक्कानं, त्याच्या भल्यासाठी, त्याच्या राबण्याचं फळ राखून ठेवायचं म्हणून, एक एक दार बंद केलं होतं. आणि ह्याला कुणी एका शब्दानं सांगितलं न्हाई, कारण सगळ्यांना वाटलं ह्याला म्हाईतच असंल!

"अक्का... मी तुझं फेडत व्हतो गं," तो कसंबसं म्हणाला. "तू मला वाढवलंस, त्याचं."

"भावाला वाढवल्याचं कोण फेडून घेतं का खुळ्या!" अक्का म्हणाली, आणि मग तिलाच काहीतरी कळल्यासारखं झालं, कारण ती मटकन उंबऱ्यावर बसली.

बाहेरून दाजींचा आवाज आला, "काय चाललंय आत? अय्या खोळंबलेत."

काशाप्पा बाहेर आला. उभ्या उभ्याच म्हणाला, "सुपारी मी उचलणार न्हाई. ती माझी लेक हाय."

कुणी हसलं न्हाई आता. दाजी तांबडेलाल झाले. "चार माणसांत माझं नाक कापतोस? सगळी खजुरी म्हणती, रेवणसिद्ध मेव्हण्याच्या हातावर मोठा झाला. पत्र्याचं छप्पर झालं, कळप दुप्पट झाला, सगळं तुझ्या घोंगड्यांवर. मला माझं देणं फेडू देणार हाईस का न्हाई?"

"देणं न्हाईच दाजी. मी दिलं, तुमी घेतलं, संपलं."

"संपत न्हाई तसं," शिवय्या हळूच म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. "तू न्हाई म्हणून निघून जाशील. पण गावोगाव झालंय की पोरगी मामाची हाय, मामानं तिच्यासाठी घाम गाळलाय. हे देणं डोक्यावर असताना तिला दुसरं कोण करून घेईल? म्हणतील, उद्या मामा येऊन हक्क सांगंल. पोरगी तशीच राहील घरात."

काशाप्पा खाली बसला. डोकं दोन्ही हातात धरलं. ईरम्मानं पाणी आणून ठेवलं ते तसंच राहिलं. आणि मग त्यानं मान वर केली आणि जे बोलला ते ऐकून माणसांच्या अंगावर काटा आला.

"मग माझी मजुरी द्या."

"काय?"

"मजुरी. दुसऱ्याच्या लोकरीचं विणलं तर चार घोंगड्यांत एक विणकराचं, ही रीत हाय आपल्यात. मी विणलेल्या सगळ्यांची धरा, पहिल्या सालापासून. घोंगडी तर विकली तुमी. मेंढरं द्या."

"भैनीच्या घरी मजुरी मागतोस?" दाजी आरडले. "लाज?"

"अहो, दोन मेंढ्या घेऊन गप बसा की," ईरम्मा कुजबुजली. "नावाला."

काशाप्पानं मान हलवली. नावाला घेतलं तर लोकं म्हणणार, बघा, बाकीचं सोडलं, म्हणजे मनात पोरगी हाय. उपकाराचा एक धागा जरी राहिला तरी तो सुभद्रीच्या गळ्यात पडणार. "नावाला न्हाई. पुरी. अय्या, तुमी रीतीनं बसवा. एक कमी नको."

शिवय्यांनी बसवलं. कळपातला तिसरा हिस्सा निघाला! माणसं एकमेकांकडं बघायली. एक जण तर पचकन थुंकून निघूनच गेला, "असला भाऊ वैऱ्याला नको." काशाप्पा ऐकत होता. तसाच उठून मेंढरांच्या वाड्यात गेला आणि मेंढरं निवडायला लागला. लंगडी, म्हातारी घेतली असती तर? न्हाई. मजूर निवडतो तशी निवडली, दात बघून.

अक्का धावत आली. "काश्या! अरं काश्या, माझ्या दारात रोजगारी झालास रं तू? सगळी ने, पण मजुरी म्हणू नको. आहेर म्हण, भाऊबीज म्हण, काहीबी म्हण!"

त्याला वाटलं, म्हणावं. एक शब्द तर हाय. पण शिवय्या बघत होते, गाव बघत होतं.

"मजुरी हाय अक्का."

तिनं असं बघितलं त्याच्याकडं, जसं कुणी परक्याकडं बघावं. शिवय्यांनी ताटातली सुपारी उचलून परत पिशवीत टाकली आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "विणकराचं देणं फिटलं. पोरीवर कुणाचा हक्क न्हाई."

काशाप्पा मेंढरं घेऊन निघाला. ह्या वेळी भाकरी बांधून द्यायला कुणी उठलं न्हाई. मजुराला कोण भाकरी बांधतं? आपल्याकडं घरातनं कुणी निघालं तर त्याला 'जा' म्हणत न्हाईत, 'ये' म्हणतात. वैऱ्यालासुद्धा 'ये' म्हणतात.

अक्का दारातनं म्हणाली, "जा."

काशाप्पाच्या पाठीत कुणी दगड घातल्यागत झालं. पण वळला न्हाई. वळली ती मेंढरं. त्यांना कळपाचा वास येत होता, ती फिरून फिरून वाड्याकडं पळायली, हा एकाला अडवायचा तर दोन सुटायची, आणि सगळं गाव ओट्यावर उभं राहून तमाशा बघायलं. एवढा मोठा माणूस रडकुंडीला आला.

तवा घरातनं सुभद्री बाहेर आली. कुणाकडं बघितलं न्हाई, आईकडंबी न्हाई. हिरव्या लुगड्याचा काचा मारला, दारामागची काठी उचलली आणि मेंढरांच्या मागं जाऊन उभी राहिली. "हुर्रर्रऽऽ! हुर्रर्रऽऽ!" असा खणखणीत आवाज दिला की मेंढरं दचकून एका रांगंत वेशीकडं निघाली, आणि ती त्यांना गावाबाहेर हाकत राहिली, एकबी मेंढरू मागं फिरू न देता.