सेल पारखणारी ताई

चार्जरमधून काढलेला सेल ती आधी गालाला लावायची. डोळे मिटून क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "थंड हाय. चालंल." एखादा तापलेला निघाला, तर त्याला बाहेर नेऊन कुंडीतल्या वाळूवर ठेवायची आणि येता-जाता त्याच्याकडे रागाने बघायची. घरातल्याच कुणी आगळीक केल्यावर आपण बघतो ना, तसं.

माथेरानच्या एका हॉटेलात मी रिसेप्शनला होते आणि ती स्टोअर सांभाळायची. सगळे तिला ताई म्हणायचे, मीही म्हणायचे. डोंगराखालच्या ठाकरवाडीतून ती रोज पायवाटेने वर यायची. इतकं चढून आली तरी अंबाड्यातलं रानफूल जागचं हललेलं नसायचं. वर वीज सारखी जायची, मग पाहुण्यांना टॉर्च द्यावे लागायचे. ते टॉर्च आणि त्यांचे पुन्हा चार्ज होणारे, अंगठ्याएवढे जाड सेल ही तिची जहागीर.

चांगला सेल कसा ओळखायचा, हे आम्हा दोघींना एकाच वायरमनने शिकवलं होतं. पण ताईच्या तोंडी त्या सेलांची माणसं झाली होती. वरचं प्लॅस्टिकचं वेष्टन जरा सोललं की म्हणायची, "ह्याचं कापड फाटलं. बाजूला बसव." मी जुना आणि नवा सेल एकाच टॉर्चमध्ये घालायला गेले की हात धरायची. "म्हातारा बैल नि खोंड एका जुवाला नको गं. म्हातारा मरंल." बाजारातून स्वस्तातला सेल आला, तर तो तळहातावर तोलून परत करायची. "ताकदीचा आकडा मोठा लिवलाय नुसता. हलका हाय. आत कायच नाय."

मी कर्जतची. आईला खाली एकटं सोडून वर राहायला आले होते. सुरुवातीला मला वेळी-अवेळी रडू यायचं. अशा वेळी आपल्याला समजावणारी माणसं खूप भेटतात. ताईने कधी समजावलं नाही. एक टॉर्च आणि फडकं माझ्या हातात द्यायची. "पूस." पुसता पुसता रडणं कधी थांबायचं ते कळायचं नाही.

एकदा एक गृहस्थ एकटेच उतरले होते. पन्नाशीचे, मुंबईचे, फार न बोलणारे. व्हरांड्याच्या कोपऱ्यात लपून ई-सिगारेट ओढायचे. तिला आपल्याकडे बंदी आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं. एका संध्याकाळी तिची बॅटरी उतरली आणि ते स्टोअरच्या दारात आले.

"ताई, तुमच्या टॉर्चमधला एक सेल द्या. मापाचा आहे."

ताईने हात पुढे केला. "तुमचा बघू."

त्यांनी खिशातून किल्ल्यांच्या जुडग्यासकट सेल काढला. वेष्टन कडेला पार उसवलेलं.

"अगं बाय! किल्ली लागली तर पेटंल की वो सायेब. मांडी जळंल."

"म्हणून तर तुमचा मागतोय."

"माजा नाय चालायचा. टॉर्चला जरासा जोर लागतो. तुमची ही वाफेची बिडी एकदम वढून घेते. तेवढा दम ह्याच्यात नाय, तापंल."

"टॉर्चला चालतो आणि मलाच नाही?"

"टॉर्च हातात धरत्यात. हे तुमी तोंडाला लावता."

त्यांचा आवाज चढला. सिगारेट सुटावी म्हणून हे धरलंय, बायकोला शब्द दिला होता, असं काहीसं ते बोलले आणि मध्येच थांबले. मग म्हणाले, "ती आता नाही."

 ताई हळूच म्हणाली, "मग तर नायच देणार."

ते तरातरा निघून गेले. आवाज मॅनेजरपर्यंत पोचला होताच. त्यांनी ताईला तिथल्या तिथे स्टोअरमधून काढून कपडे धुण्यावर पाठवलं.

"पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं. गिऱ्हाईक तुटतं."

"गिऱ्हाईकच तुटंल ना? माणूस तर नाय जायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी ते गृहस्थ तिला शोधत मागच्या बाजूला गेले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. त्यांनी तो फाटका सेल तिच्यापुढे धरला. "हा तुमच्याकडेच राहू द्या." ताईने आधी पदराला हात कोरडे केले, सेल घेतला, त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली आणि वायरमन येईपर्यंत वाळूत ठेवला.

"जपून उतरा," एवढंच म्हणाली. त्यांनी हात जोडले.

मी मॅनेजरना हे सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण ताई धुण्यावरच राहिली. स्टोअर माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी ती ओले हात पाठीमागे धरून दारातूनच विचारायची, "थंड हायत ना गं?" मी "हो" म्हटल्यावर मगच घरची वाट धरायची.

पावसाळ्यात हॉटेल बंद असायचं. दिवाळीच्या आधी पुन्हा उघडलं, तेव्हा ताई आली नाही. वाडीतली दूधवाली म्हणाली, लेकीने नेली खोपोलीला, नातवाला सांभाळायला. ताईकडे फोन नव्हता. एका सुट्टीला मी खोपोलीला उतरले, विचारत विचारत लेकीच्या चाळीपर्यंत गेले. खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं. शेजारीण म्हणाली, जावयाला घाटावर काम मिळालं, सगळीच गेली. कुठं, ते तिलाही माहीत नव्हतं. मी तिथे उगीच थोडा वेळ उभी राहिले. चहा घेता का, तिने विचारलं. नको म्हटलं आणि परत आले.

पावसाळ्यासाठी हॉटेल बंद झालं होतं त्या दिवशी मी तिला पायवाटेपर्यंत सोडायला गेले होते. डोक्यावर बोचकं घेऊन ती भराभर उतरली. खालच्या वळणावर थांबली, मागे वळली आणि माझ्याकडे बघून काहीतरी ओरडली. वारा फार होता, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी हात वर करून मोठ्याने "हो" म्हटलं. ती हसली आणि झाडांत दिसेनाशी झाली.

मी कशाला हो म्हटलं, ते अजून मला माहीत नाही.