दोन्ही पार्ट्यांचा भोंगा एकच

माइकच्या दुकानात दोन गोष्टी कितीही नीट गुंडाळून ठेवा, गुंतूनच बाहेर येतात. वायरी आणि किस्से! एक ओढायला जावं तर चार निघतात. आमचं दुकान बूढ़ापारा मोहल्ल्यात. माइक, भोंगे, जनरेटर भाड्याने देतो. माझा मोठा भाऊ बबलूदादा अनाउन्सर होता. नेत्याची सभा असो की साड्यांचा सेल, रायपुरात ऑटोवरचा भोंगा बोलला की समजायचं, दादा बोलतोय.

'होता' लिहायला हात अजून तयार नाही. या थंडीत छातीत दुखतंय म्हणून खुर्चीवर बसला, तो उठलाच नाही. त्याची चप्पल दारातच आहे. कोणी हलवली की मी भांडतो. शाळा आठवीत सोडली, भांडण तेवढं चांगलं शिकलो. पण दादाचे किस्से रडत सांगितले तर तो वरून ओरडेल, "बे, आवाज साफ काढ!" म्हणून हसतच सांगतो.

*

आईला टीव्हीवरच्या चर्चा फार आवडायच्या. एकदा अँकर असा किंचाळत होता की ताटातली वाटी थरथरली. दादा घास थांबवून ऐकत राहिला. म्हणाला, "याले माइक काहून देल्ला? फुकट लाइट जाळून राहिले!"

आई म्हणाली, "उपाशी असन बिचारा. घरी कोनी जेव म्हनत नसन."

*

एका सभेत नेताजी यायलाच तयार नाहीत. दादा दुपारपासून सांगतोय, "नेताजी बस पहुँच ही रहे हैं!" शेवटी लोक उठून चालू लागले. आयोजक रडकुंडीला आला.

दादाने माइक तोंडाजवळ घेतला. "कृपया ध्यान दें, चाबी का एक गुच्छा मिला है. जिसका हो, मंच के पास आए."

अख्ख्या मैदानाने खिसे चाचपले. ज्यांना किल्ल्या सापडल्या नाहीत ते धावत आले, ज्यांना सापडल्या ते गंमत बघायला आले. तेवढ्यात नेताजींची गाडी शिरली. मंचाला चिकटलेली ती गर्दी पाहून त्यांचे डोळे भरले. माइकवर म्हणाले, "इतना प्यार तो मेरे गांव में भी नहीं मिला!"

मागून एक जण ओरडला, "वो सब ठीक है, चाबी दिखाओ!"

*

गणपती विसर्जनात दादा बोलला होता, "कृपया शांति बनाए रखें, धक्का-मुक्की ना करें." कोण्या पोट्ट्याने त्याला बीट लावून रील बनवलं. रील असं चाललं की डीजेवाले वाजवू लागले. बीरगावच्या एका लग्नात साउंड आमचाच होता. वरात "शांति बनाए रखें" वर एकमेकांना धक्के मारत नाचत होती. नवरदेव घोडीवरून पडता पडता वाचला.

दादाने वैतागून गाणं बंद केलं आणि माइकवर खरोखरच ओरडला, "अरे, शांति बनाए रखो!"

वरात म्हणाली, "वन्स मोर!"

*

मग आमच्या वॉर्डाची पोटनिवडणूक आली. तारीख जाहीर व्हायच्या आधीच दोन उमेदवारांनी दादाकडून प्रचार रेकॉर्ड करून घेतला. सकाळी टोपीवाले भैया, दुपारी चष्मेवाले भैया. प्रचाराच्या हिंदीत कर्मठ म्हणजे कष्टाळू, जुझारू म्हणजे लढवय्या. टोपीवाल्यांना कळलं. तणतणत आले.

"बबलू, सुबह मेरे को कर्मठ बोला, दोपहर को उसको भी कर्मठ?"

"भैया, आपको जुझारू भी बोला हूँ. उसको बस कर्मठ."

टोपीवाले खूश होऊन गेले. संध्याकाळी चष्मेवाले हजर. "मेरे में भी जुझारू डाल!"

दादाने टाकलं. तेच त्याचं शेवटचं रेकॉर्डिंग.

*

दादा गेल्यावर आईने टीव्ही लावणं सोडलं. कोणाचा मोठा आवाज नको म्हणते. प्रचार सुरू झाला तेव्हा टोपीवाल्यांचा ऑटो फिरवायला माझ्याकडे आला, भोंग्यात दादाचंच रेकॉर्डिंग. मी एकच ठरवलं, दादाचा आवाज आईच्या कानावर पडू द्यायचा नाही. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घराच्या गल्लीत शिरलो की भोंगा बंद! सोबतचा कार्यकर्ता चिडायचा. "क्यों, इस गली में वोटर नहीं रहते?"

काल बंद भोंगा घेऊन गल्लीत शिरलो तर समोरून चष्मेवाल्यांचा ऑटो. दादा पूर्ण जोरात. "कर्मठ, जुझारू..." गल्ली एवढीशी, मागे कोणी हटेना. आणि आमचं घर बरोबर मध्ये!

माझं डोकं फिरलं. उडी मारली आणि त्याची वायर धरली. त्याचे लोक माझ्या अंगावर, माझे त्यांच्या. तेवढ्यात आई दारात. हाताला कणीक.

"काहून वायर तोडून राहिला रे?"

"आई, तू आत जाय."

आई आत गेली नाही. माझ्या ऑटोजवळ आली, वरच्या भोंग्याकडे पाहिलं.

"हा काहून मुका? याच्यात नाही का तो?"

मी मान हलवली. आहे.

"मंग लाव."

मी लावला. दोन्हीकडून दादा बोलू लागला. इकडे टोपीवाल्यांना मत द्या, तिकडे चष्मेवाल्यांना. गल्ली हसायला लागली. भांडायला आलेलेही हसले. चष्मेवाल्यांचा कार्यकर्ता हात जोडून म्हणाला, "अम्मा, अब आप ही बोलो. दोनों में कौन पीछे हटे?"

आई दोन ऑटोंच्या मधोमध पायरीवर बसली.

"कोनीच नाही," ती म्हणाली. "पयल्यापासून लावा."