बुडालेल्या मिंटर गावावर

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. हॅचेट बेंडच्या तलावावर धुकं अजून पाण्याला टेकलेलं होतं आणि व्हर्लन टॅकेट होडीच्या पुढच्या टोकाला डोळे मिटून बसला होता. डाव्या हातात रॉड, डाव्या तर्जनीवरून गेलेली तंगूस, आणि अठरा फूट खाली तिच्या टोकाला जिग: शिशाच्या डोक्याचा, रबरी झालर लावलेला गळ.

तलावाच्या तळाशी मिंटर गाव आहे. धरण झालं तेव्हा लोकांनी घरं मोडून नेली. चर्चचा चौथरा आणि पीचच्या बागेतले बुंधे तिथेच राहिले. गिऱ्हाइकांना बास मासे मिळवून देता देता व्हर्लन एकतीस वर्षं त्या गावातून तर्जनीने फिरला होता. मार्चमध्ये मानेची शस्त्रक्रिया झाली आणि तीच तर्जनी बधिर झाली. त्यानंतरचं पहिलं गिऱ्हाईक उद्या यायचं होतं. जमलं नाही तर त्याला पुतण्याकडे पाठवायचं आणि होडी विकायची, असं त्याने बायकोला सांगून टाकलं होतं.

बायको, ओलेटा, तळ दाखवणाऱ्या यंत्राचा पडदा स्वतःकडे वळवून मागे बसली होती. ही परीक्षा तिनेच ठरवली होती: त्याने डोळे मिटून खाली काय आहे ते सांगायचं, तिने पडद्यावर ताडून बघायचं.

चर्चच्या दगडांवरून व्हर्लनने रुंद डोक्याची जिग सावकाश ओढली. खडखड मनगटापर्यंत आली. दगड त्याने बरोबर सांगितले. बागेसाठी दुसरी जिग घेतली; हिच्या गळापुढे ताठ केसांचा झुबका असतो, म्हणून ती लाकडात अडकत नाही. एका बुंध्यावर चढवून त्याने ती पलीकडे अलगद सोडली. बुंधाही बरोबर निघाला. मग एकदम काहीच कळेना. थांबून ओढली, तर झालर चावलेली वर आली. असं तीनदा झालं.

जिग तोंडात घेताना बास बहुधा हिसका देत नाही. नुसती उचलतो, आणि वजन नाहीसं होतं. वजन गेलं की व्हर्लन दर वेळी बधिर बोटालाच दोष देत राहिला.

"तीन मासे गेले," ओलेटा म्हणाली.

"होडीला गिऱ्हाईक बघ."

"आधी हात बदल, म्हाताऱ्या." तिने आपला रॉड पुढे केला. ती डावखुरी; तिच्या रिळाची मूठ डावीकडे, त्यामुळे रॉड उजव्या हातात येतो. "चाळीस वर्षं याला उलटा म्हणून हसलास. धर आता."

ओढ्याच्या मुखाशी पाणवनस्पतींची गादी पसरली होती. व्हर्लनने जड जिग तिच्यावर सोडली. ती गादी भेदून गेली आणि वरचा हिरवा पापुद्रा पुन्हा मिटला. उजव्या बोटाला एकेक देठ लागत गेला, मग मऊ चिखल. मग काहीच नाही. तंगूस पिसासारखी हलकी झाली, जणू खाली कोणी गाव, तळ, पाणी सगळंच उचलून धरलं होतं.

त्याने रॉड जोरात वर खेचला. ढीगभर शेवाळासकट एक मासा वर आला, काळपट हिरवा, तोंड वासलेला.

"पाच पौंड," तो म्हणाला.

"चार. थापा गिऱ्हाइकासमोर मार."

मासा सोडून दिल्यावर त्याने पुतण्याला फोन करून उद्याचं गिऱ्हाईक मीच नेणार म्हणून सांगितलं. मग ओलेटाचा दुसरा रॉडही मागून घेतला.

उद्या सूर्योदय सहा बावन्नला आहे. गिऱ्हाईक साडेसहाला दोन नंबरच्या धक्क्यावर येईल.