घारापुरीचा फोटो

दिवाळे गावच्या धक्क्यावर डिझेलचा वास आला की मला घारापुरीची ती सहल आठवते. मी तेव्हा नववीत होते. आमच्या सोसायटीने होडी ठरवली होती आणि होडीवाल्याची बायकोही आमच्याबरोबर लेणी बघायला वर आली होती. आत ओल आणि वटवाघळांचा उग्र वास कोंदला होता. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी आपला कॅमेरा माझ्या हातात दिला, पार्वतीच्या मूर्तीजवळ जाऊन तिच्या दगडी छातीवर पंजा ठेवला आणि पान चघळत म्हणाले, "काढ गं फोटो! काकू घरीच आहे तुझी." सगळे खो-खो हसले, माझे बाबासुद्धा. होडीवाली तेवढी पुढे झाली. "ओ सायेब, हात काडा. देवी हाय ती." "दगड आहे गं, मावशी," काका म्हणाले आणि माझ्यावर खेकसले, "काढ लवकर, हात दुखला माझा!" मला 'नाही' म्हणायचं होतं. मी इंग्रजी शाळेतली, मनात इंग्रजीत तर अख्खं वाक्य तयार होतं. पण मी बटण दाबलं. होडीवालीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती बाहेर निघून गेली. रोल धुऊन आला तेव्हा मी काढलेला तो फोटो अगदी स्वच्छ आला होता. माझा हात जराही थरथरला नव्हता, याची मला अजून किळस येते.